कुरकुर करणारी तुळई

घर बांधणारा मालक एक आग्रह हमखास धरतो. 'या बीममध्ये दोन-चार सळया जास्त टाका, पैसे माझे जातील.' जाणता इंजिनियर नाही म्हणतो आणि मालकाला वाटतं, हा बाबा कामचुकारपणा करतोय. पण त्याच्या नकाराला कारण आहे. काँक्रीटच्या तुळईवर भार आला की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट सोसतं, ताण सळई सोसते. सळई बेताची असेल तर भार हाताबाहेर गेल्यावर आधी ती ताणली जाते, आणि पोलाद तुटण्याआधी बरंच लांबतं. मग तुळई झुकते, तळाच्या भेगा रुंदावतात, प्लॅस्टरचे पोपडे पडतात, खालचं दार चौकटीत अडकायला लागतं. काहीतरी बिघडलंय हे घरातल्यांना कळतं आणि बाहेर पडायला वेळ मिळतो. सळई प्रमाणाबाहेर घातली तर ती ताणली जाण्याच्या आधीच वरचं काँक्रीट हार मानतं, आणि दाबाखालचं काँक्रीट चुरडतं ते एकदम, काही कळायच्या आत. कागदावर तुळईची ताकद वाढलेली असते. तिच्याखाली बसलेल्यांना मात्र उठायलाही सवड मिळत नाही. म्हणूनच बांधकामाच्या संहितांनी ताणाच्या सळईला वरून मर्यादा घालून ठेवली आहे.

संहितेतल्या सगळ्या कलमांत मला हे सर्वात शहाणपणाचं वाटतं. रचना किती भार पेलेल एवढं पाहून भागत नाही. भार पेलवेनासा झाला की ती कुठे मोडेल, कशी मोडेल आणि मोडण्याआधी कुणाला कळेल, हेही बांधण्याआधीच ठरवावं लागतं. बांधकामशास्त्राला हे शिकायला पुष्कळ माणसं गमवावी लागली. माणसांच्या रचना चालवणारे, म्हणजे सरकारं, कंपन्या, कारखाने, संस्था, अजून त्या मालकाच्याच पायरीवर उभे आहेत. काही कोसळलं की आपली मागणी ठरलेली: कायदा आणखी कडक करा, नेतृत्व आणखी खंबीर आणा, अधिकार एका हाती द्या, शिस्त लावा. सगळ्या सळयाच. तक्रार आधी कुठून ऐकू येणार, हे कुणी विचारत नाही.

ताकद वाढली की माणूस काय करतो, याचा नमुना अमेरिकेतल्या ओहायो नदीवर पाहायला मिळाला. वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावाजवळचा सिल्व्हर ब्रिज १९२८ साली खुला झाला. पूल झुलता, पण तारांच्या दोराऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला. प्रत्येक पट्टीच्या टोकाला डोळ्यासारखं भोक, त्यातून पिन घालून पुढची पट्टी जोडलेली. अशा जुन्या साखळ्यांत एकेका कडीत पुष्कळ पट्ट्या शेजारी शेजारी लावत. एखादी गेली तर बाकीच्या सांभाळून घेत. इथलं पोलाद नवं, उष्णतेची प्रक्रिया केलेलं, जास्त ताकदीचं होतं. तेव्हा कडीमागे दोनच पट्ट्या पुरतील असा हिशेब निघाला, आणि तो बेरीज-वजाबाकीत चुकलेला नव्हता. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, पुलावर गाड्यांची गर्दी असताना, एका पट्टीच्या डोळ्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग फुटली. जोडीची पट्टी एकटी पडली, पिनेवरून निसटली आणि मिनिटाभरात सगळा पूल नदीत गेला. ४६ माणसं मेली. ती भेग सांधा उघडल्याशिवाय कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. उत्तम माल वापरल्यामुळे जोडीदार कमी केले, आणि जोडीदार कमी केल्यामुळे त्या मालाला एकही चूक परवडेना.

कर्तबगार माणूस मिळाला की त्याच्याभोवतीची माणसं कमी करायची, हीच खोड कार्यालयांनाही असते. पण सिल्व्हर ब्रिजला निदान एवढं म्हणता येतं की तो बोललाच नाही. क्वेबेकचा पूल बोलला होता, चांगले कित्येक दिवस बोलत होता.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर हा पूल बांधायला घेतला तेव्हा त्याच्या प्रकारातला तो जगातला सर्वात लांब गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, होणार होता. मधला गाळा आधी १,६०० फुटांचा होता, तो १,८०० फुटांवर नेला. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब मात्र त्या मानाने नीट फिरवून केला गेला नाही. सल्लागार होते थिओडोर कूपर, अमेरिकेतले नावाजलेले पूल-इंजिनियर. वय झालेलं, तब्येत नाजूक, मुक्काम न्यूयॉर्कला. लोखंडी सांगाडा वर चढू लागल्यापासून ते एकदाही जागेवर आले नाहीत. तरीही शेवटचा शब्द त्यांचाच. स्वतंत्र तपासणीची गोष्ट निघाली तेव्हा आपल्या कामावर दुसऱ्याने नजर ठेवायची, हे त्यांना रुचलं नाही आणि ती बारगळली. वजन अंदाजापेक्षा बरंच जास्त भरतंय हे उशिरा उघडकीला आलं, तोवर पुष्कळ पोलाद तयार झालं होतं. कूपरनी वाढलेला ताण चालेल असं ठरवलं.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये दाब घेणारे खालचे अवजड भाग बाक घेऊ लागले. रिव्हेटची भोकं जुळेनात. नॉर्मन मॅक्लूर नावाचा तरुण इंजिनियर कूपरच्या वतीने जागेवर होता. त्याने मापं घ्यायला सुरुवात केली. एका भागाचा बाक पाऊण इंच होता, तो काही दिवसांत सव्वादोन इंच झाला. आता गंमत पाहा, की अशा वेळी वाद कशावर झाला असेल? तो बाक मुळातलाच होता की आत्ता आलाय, यावर. पूल बांधणाऱ्या कंपनीतल्या जाणकारांचं म्हणणं, हा भाग जागेवर बसवण्याआधीपासूनच वाकडा असणार. सव्वादोन इंचांचं माप कुणी नाकारलं नाही, फक्त त्याचा अर्थ सोयीचा लावला. शेवटी मॅक्लूर आगगाडीने न्यूयॉर्कला कूपरकडे गेला. २९ ऑगस्टला दुपारी कूपरनी तार केली की विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार टाकू नका. तार गेली पेनसिल्व्हेनियात, कंपनीच्या कचेरीत. पूल उभा होता क्वेबेकला. कचेरीत तार वाचली गेली, मॅक्लूर आला की सकाळी बैठक घेऊ असं ठरलं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, पाळी संपत आलेली असताना, वीस हजार टनांच्या आसपास पोलाद नदीकाठी कोसळलं. वर असलेल्या ८६ कामगारांपैकी ७५ मेले. त्यांतले ३३ मोहॉक या मूळनिवासी जमातीचे होते, काहनावाके या एकाच वस्तीतले.

चौकशी आयोगाने आराखड्यातल्या चुका दाखवल्याच. पण मला या कथेत जास्त टोचतं ते दुसरंच. जागेवर, पुलाखाली, हातात टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काम थांबवायचा अधिकार नव्हता. ज्याला अधिकार होता त्याला पूल दिसत नव्हता. कूपर यांच्या नावावर सगळ्यांचा इतका विश्वास होता की प्रत्येकाने आपल्या वाटची शंका त्यांच्या खात्यावर जमा करून टाकली होती. लोखंडाने आपलं काम चोख केलं, तुटण्याआधी वाकून दाखवलं. निरोप वाहणारी रचना तुटलेली होती. (कॅनडातले इंजिनियर करंगळीत लोखंडी अंगठी घालतात, ती याच पुलाच्या लोखंडाची, असं मोठ्या भक्तिभावाने सांगितलं जातं. ते खरं नाही. पण अशी दंतकथा एखाद्या व्यवसायाला स्वतःबद्दल सांगावीशी वाटते, हे चांगलंच लक्षण आहे.)

तेव्हा भेग दिसणं पुरेसं नसतं. भेग कुणाला दिसते आणि त्याला नाही म्हणता येतं का, यावर माणसं जगतात किंवा मरतात. याचा सर्वात उघडा पुरावा ढाक्याजवळच्या साभारमध्ये आहे. राणा प्लाझा ही इमारत दुकानं आणि कचेऱ्यांसाठी उभारलेली. वर परवानगीविना मजले चढवले, त्यांत कपड्यांचे कारखाने थाटले, जड जनरेटर नेऊन ठेवले. २३ एप्रिल २०१३ ला खांबांना भेगा पडल्या. त्या सगळ्यांनीच पाहिल्या, टीव्हीवरही आल्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवलं. दुकानं बंद राहिली. कारखान्यांतल्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं, आत जायला कचरणाऱ्यांना पगार कापायची धमकी दिली. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत खाली आली. १,१०० हून जास्त माणसं मेली.

एकच इमारत, त्याच भेगा. बँकेतल्या कारकुनाच्या पाठीशी नियम उभे होते, काम नाकारून त्याची नोकरी जाणार नव्हती. शिलाईवालीच्या पाठीशी काही नव्हतं. या घटनेला कुणी 'बांधकामातला भ्रष्टाचार' म्हणून बाजूला ठेवतात तेव्हा मला ते अर्धवट वाटतं. भ्रष्टाचाराने इमारत कच्ची झाली. पण कच्च्या इमारतीने आदल्या दिवशी इशारा दिला होता, आणि तरीही माणसं आत होती, ती कामगारांच्या दुबळेपणामुळे. संघटना नसलेला कामगार ही इमारतीतलीच त्रुटी आहे, असं मी म्हणेन. स्ट्रक्चरल ऑडिटच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नसतो, एवढंच.

पूर्वी घराघरांत मीटरच्या पाटीवर चिनी मातीचे फ्यूज असत. फ्यूज सारखा उडायला लागला की एखादा हुशार माणूस त्यात जाड तार घालून द्यायचा. त्यानंतर फ्यूज कधीच उडत नसे, घरात शांतता नांदे, आणि भिंतीतली वायर तापत राही. संस्थांमध्ये तक्रारखोर माणसाची बदली करतात, आकडे विचारणाऱ्या सभासदाला 'विघ्नसंतोषी' म्हणतात, तेव्हा नेमकी हीच जाड तार घातली जात असते. त्यानंतरची शांतता अहवालात सुधारणा म्हणून नोंदवतात.

भूकंपाच्या बाबतीत इंजिनियरांनी या विचाराला फार पुढे नेलं. सगळी इमारत न मोडता मोठा भूकंप सोसेल इतकी ताकदवान करायची तर ती परवडणार नाही. मग १९७०च्या दशकात, विशेषतः न्यूझीलंडमध्ये, एक पद्धत घडली. खांब तुळयांपेक्षा मुद्दाम बळकट ठेवायचे. धक्का बसला की तुळयांची टोकं आधी वाकावीत, तिथेच भूकंपाची ताकद जिरावी, आणि मजले पेलणारे खांब उभे राहावेत. त्या वाकायच्या जागा नकाशावर आधी ठरतात, आणि तिथे सळयांभोवतीच्या कड्या दाट बांधतात, म्हणजे ती टोकं वाकतील पण सुटणार नाहीत. कुठे मोडायचं हे भूकंपावर सोडायचं नाही. इमारत नंतर दुरुस्तीला येते, कधी पाडावीही लागते. आतली माणसं बाहेर पडलेली असतात.

माणसांच्या रचनेत असं काही करता येतं का? येतं, आणि करून दाखवलंय ते विमानवाल्यांनी. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर, धुक्यात, दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. एका विमानाचा कॅप्टन कंपनीतला सर्वात मानाच्या वैमानिकांपैकी होता, जाहिरातीत त्याचा फोटो असे. उड्डाणासाठी विमान धावायला लागल्यावर फ्लाइट इंजिनियरने विचारलं, की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. शंका बरोबर होती, बरोबर माणसाच्या तोंडून, बरोबर वेळी आली होती; फक्त वरिष्ठाच्या एका शब्दापुढे ती टिकेल अशी व्यवस्था नव्हती. पुढे विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या बोलण्याचंच प्रशिक्षण सुरू केलं: कनिष्ठाने शंका कशी लावून धरायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची.

त्याच्याच थोडं आधी, १९७६ मध्ये, अमेरिकेत चुका कळवायची एक योजना सुरू झाली होती. वैमानिकाने, कंट्रोलरने आपली किंवा दुसऱ्याची चूक लिहून पाठवायची. पाठवायची ती शिक्षा करू शकणाऱ्या विमान वाहतूक खात्याकडे नाही, तर नासाकडे. नासा नाव-गाव पुसून टाकते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल तर दंड किंवा परवाना निलंबनातून सूट मिळते; गुन्हा किंवा अपघात असेल तर नाही. मांडणी बारकाईने पाहा. ऐकणारा आणि शिक्षा देणारा वेगळे काढलेत. कुरकुर कुठल्या सांध्यातून यावी हे आधी ठरवलंय, आणि त्या सांध्याला मुद्दाम वाकू दिलंय.

देशाच्या पातळीवर हाच सांधा नसला की काय होतं, ते चीनमध्ये १९५८ ते १९६१ दरम्यान दिसलं. खालच्या अधिकाऱ्यांनी वरच्यांना खूश करायला पिकाचे आकडे फुगवले, वरच्यांनी त्या आकड्यांवर धान्याची वसुली केली, आणि शेतात पिकवणारेच उपाशी मेले. मृतांचे अंदाज कोटींत आहेत. अमर्त्य सेन यांनी नोंदवलंय की त्या काळात आपल्याकडे प्रत्यक्षापेक्षा १० कोटी टन धान्य जास्त आहे, असं सत्तेला स्वतःलाच वाटत होतं. खोटं बोलायला लावणारी व्यवस्था शेवटी स्वतःच आंधळी होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ब्रिटिश सरकारनेही वृत्तपत्रांना गप्प बसवलं होतंच. ऑगस्टमध्ये 'द स्टेट्समन'ने, तेही इंग्रजांच्याच मालकीच्या वृत्तपत्राने, भुकेल्यांची छायाचित्रं छापल्यावर सरकारला नाकारणं अवघड झालं. तोवर पुष्कळ माणसं मेली होती. स्वतंत्र वृत्तपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशांत मोठे दुष्काळबळी पडत नाहीत, हा सेन यांचा निष्कर्ष लोकशाहीच्या नैतिक श्रेष्ठतेवरचा म्हणून वाचला जातो. मला तो तुळईच्या भाषेत जास्त नीट कळतो. लोकशाही कमी चुका करते असं नाही. तिच्या चुकांच्या भेगा लवकर दिसतात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सगळेच कुरकुरायला लागले तर खरा इशारा ऐकू कसा येणार? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात बिघाड झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त धोक्याच्या घंटा आणि दिवे एकदम चालू झाले. चालकांना त्यातून काय मोडलंय हेच उमगेना, आणि त्यांनी अणुभट्टीचा गाभा थंड ठेवणारं पाणी उलट कमी केलं. गोंगाटही आंधळं करतो. काँक्रीटचंही तसंच आहे: भेग नसलेलं काँक्रीट जवळपास नसतंच, आणि संहिता साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेते. प्रत्येक भेगेला घाबरून इमारत रिकामी करायची म्हटली तर कुणाला छप्परच मिळणार नाही.

पण या आक्षेपातून निघतं ते एवढंच, की कुरकुरीला जागा आणि माप हवं. भेग रुंदावतेय की तशीच आहे हे कळायला दोन्ही कडांवर काचपट्टी चिकटवून ठेवायची जुनी युक्ती आहे. पट्टी तडकली की भेग जिवंत. मॅक्लूरकडे मापं होती. राणा प्लाझाच्या कामगारांना माप घ्यायची गरजच नव्हती, शेजारची बँक बंद दिसत होती. जिथे कुरकुर दाबली गेली तिथे ती फार जास्त झाल्यामुळे दाबली गेली, असं उदाहरण मला तरी आठवत नाही. ती गैरसोयीची होती म्हणून दाबली गेली.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जास्तीची पट्टी, दुसरा तपासनीस, हरकत घेणारं मंडळ, ही सगळी बहुतेक दिवस रिकामी बसलेली दिसतात. खर्च कापायला आलेल्या माणसाची नजर आधी त्यांच्यावरच जाते, कारण त्यांनी केलेलं काम कुठे दिसतच नाही. न पडलेल्या पुलांची यादी कुणी ठेवत नाही. ही कपात चूक असते असं सरसकट म्हणणार नाही. खोगीरभरती असतेच. पण पद रद्द करण्याआधी 'हा माणूस रोज काय करतो' यापेक्षा 'हा नसेल तर पहिली भेग कुणाला दिसेल' हे विचारलं गेलं पाहिजे. मी वाचलेल्या काटकसरीच्या अहवालांत हा प्रश्न क्वचितच भेटतो.

राणा प्लाझानंतर महिनाभरात युरोप-अमेरिकेतल्या कपड्यांच्या कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात एक बंधनकारक करार झाला. त्यात इमारतींच्या तपासण्या होत्या, त्या तर हव्याच होत्या. पण त्यात आणखी दोन गोष्टी होत्या: तपासणीचे अहवाल जाहीर करायचे, आणि इमारत धोकादायक वाटली तर पगार न बुडता काम नाकारायचा हक्क कामगाराला द्यायचा. पहिल्या गोष्टीने भेग सगळ्यांना दिसते. दुसरीने ती आधी पाहणाऱ्याला बाहेर पडता येतं. २०२० मध्ये बांगलादेशातलं तपासणीचं काम एका नव्या मंडळाकडे गेलं. त्यावर कंपन्या आणि संघटना यांच्याबरोबर कारखानदारांचेही प्रतिनिधी आहेत. कारखानदारांना सामील केल्याशिवाय सुधारणा टिकणार नाही, असं त्याचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. टीकाकारांचा सवाल वेगळा आहे: ज्याच्या मजल्यावर भेग पडते, त्याच्याच हातात घंटेची दोरी का द्यायची? मी या वादात टीकाकारांच्या बाजूला आहे.